अमेरिकेचं इलेक्टोरल कॉलेज (राष्ट्राध्यक्ष थेट लोकांच्या मतांनी नाही, तर प्रत्येक राज्याच्या ठरावीक इलेक्टर म्हणजे प्रतिनिधींच्या मतांनी निवडायची पद्धत) फेअर वाटतं का?

कोथरूडकर: ताई न्यू जर्सीत असते, काल फोनवर यावरच वाद, हातातला चहा पार गार झाला. २०१६ ला हिलरी क्लिंटनना जवळजवळ २९ लाख मतं जास्त पडूनही ट्रम्प जिंकले, मग मत देऊन उपयोग काय? मला नाही पटत.

पेठेतला: वायोमिंगची वस्ती सहा लाखाच्या आत तरी ३ इलेक्टर, कॅलिफोर्निया चार कोटींच्या आसपास आणि ५४, म्हणजे वायोमिंगच्या मताला जवळपास चौपट वजन. सरळ अन्याय आहे!

हडपसर८८: अरे पण लहान राज्यांना कोण विचारणार मग? खरा घोळ राज्यात जिंकेल त्याला तिथले सगळे इलेक्टर यात आहे, २००० ला फ्लोरिडात ५३७ मतांवर २५ इलेक्टर गेले. मेन, नेब्रास्कात मतदारसंघवार वाटतात, तसं सगळीकडे करा की.

कोथरूडकर: मतदारसंघच वाकडेतिकडे आखले तर?