टॉवेलच्या सिमेंट कुंड्यांना आतून काय लावावं?

मंडळी, मदत हवी आहे.

सोलापूरकरांच्या घरात जुन्या टेरी टॉवेलांना तोटा नसतो. सुती जाड टॉवेल सिमेंटच्या घोळात भिजवून, पिशवी चढवलेल्या उलट्या बादलीवर टाकून झालरीच्या कुंड्या केल्यात. सिमेंट पीपीसी (राख मिसळलेलं), बारीक चाळलेली वाळू, वरून ब्रशने जाड हात. पाण्याच्या छिद्रासाठी पीव्हीसी पाइपचा तुकडा बसवलाय. ऊन बेक्कार आहे, म्हणून सावलीत ओल्या गोणपाटाखाली ठेवल्यात.

एकीत कडीपत्ता लावायचाय. दुकानात कुणी डांबरी रंग देतो, कुणी गच्चीचं कोटिंग, कुणी सिलेन-सिलॉक्सेन (पाणी झटकणारं द्रावण). आतला टॉवेल ओल धरून कुजेल का? आमचं बोअरचं पाणी जड आहे, त्यामुळे लोणाही (क्षारांचा पांढरा थर) फुटतो.

– गच्चीवरची बाग

प्रतिसाद १:
घाई नको. पीपीसी सावकाश मुरतं, आपल्या उन्हात किमान १४ दिवस ओलं ठेवा आणि सीलर (ओल अडवणारा थर) २८ दिवसांनंतरच. कुंडी सुकली का बघायला रात्री तिच्यावर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवा. सकाळी आत थेंब दिसले तर अजून सुकू द्या.

आतून पावडर आणि लिक्विड वेगवेगळं येतं ते ॲक्रेलिक-सिमेंट कोटिंग, दोन हात, दुसरा आडवा. बाहेरून सिलेन-सिलॉक्सेन. ते आत मुरतं, वाफ अडवत नाही. बाहेर जाड थर दिलात तर मागची ओल त्याचे पापुद्रे काढते. डांबरी रंग मी तरी खायच्या झाडाला लावणार नाही.

लोणा आधी कोरड्या ब्रशने झाडा. पाणी मारलं की क्षार विरघळून परत आत जातात.

प्रतिसाद २:
कडीपत्त्यासाठी एक राहिलं. नव्या सिमेंटचा पीएच १२ च्या वर, म्हणजे खूपच अल्कधर्मी असतो, त्यात मुळांना लोह मिळत नाही. पानं पिवळी, शिरा हिरव्या दिसल्या तर समजा तेच. सीलर लावण्याआधी छिद्र बुजवून कुंडी पाण्याने भरा, रोज पाणी बदला, म्हणजे तो अल्कधर्मीपणा उतरेल. आपली काळी माती मुळातच अल्कधर्मी, त्यामुळे निम्मं तरी शेणखत-कोकोपीट घाला.

गच्चीवरची बाग:
आभारी आहे दोघांची! पाइपच्या गुळगुळीत कडेला कोटिंग धरेल ना?

प्रतिसाद १:
नाही धरणार. आधी पॉलिश पेपरने खरखरीत करा. टॉवेलची कापलेली कड तिथेच पाणी पिते, तिथे तिसरा हात द्या.