मदत हवी आहे: दोन क्वांटम व्हॅन डर पोल सिंक होत नाहीत, ⟨ए१⟩ कायम शून्य

फेज_हरवला: क्यूटिपमध्ये (क्वांटम सिम्युलेशनची पायथन लायब्ररी) दोन व्हॅन डर पोल ऑसिलेटर, म्हणजे स्वतःहून लयीत आंदोलत राहणाऱ्या प्रणाली, डिसिपेटिव्ह कप्लिंगने (गळतीतून होणाऱ्या जोडणीने) जोडलेत. क्लासिकल समीकरणं लगेच लॉक होतात, म्हणजे एका लयीत येतात. स्टेडी स्टेटमध्ये (स्थिरावलेल्या अवस्थेत) मात्र ⟨ए१⟩ आणि ⟨ए२⟩, म्हणजे दोघांच्या लोअरिंग ऑपरेटरच्या सरासऱ्या, शून्य येतात, मग फेज काढू कशाचा? सगळं तपासून झालंय. उद्या दाखवायचं आहे.

लिंडब्लाडवाला: गॅमा१ (ऊर्जा भरण्याचा दर), गॅमा२ (दोन-दोन क्वांटा गळण्याचा दर), डीट्यूनिंग (दोघांच्या वारंवारतांतला फरक), कटऑफ (किती पातळ्या धरल्या)? काहीच न सांगता "तपासून झालंय" म्हणजे काय?

कुरामोटोप्रेमी: आधी कुरामोटो मॉडेल (अनेक ऑसिलेटरच्या सिंकचं क्लासिकल मॉडेल) करून बघा. क्रिटिकल कप्लिंग २/(π·जी(०)), वारंवारतांचं वितरण जी बदललं की...

लिंडब्लाडवाला: इथे ऑसिलेटर दोनच आहेत हो.

सममिती: शून्यच यायला हवं. बाहेरून ड्राइव्ह नाही, त्यामुळे दोघांचा फेज एकत्र फिरवला तरी मास्टर समीकरण (प्रणाली कशी बदलते ते सांगणारं) तेच राहतं आणि स्टेडी स्टेटमध्ये एकट्याचा फेज उरत नाही. ए१-डॅगर गुणिले ए२ याची सरासरी काढा आणि √(⟨एन१⟩⟨एन२⟩) ने भागा (⟨एन⟩ म्हणजे क्वांटांची सरासरी संख्या). त्याचा मापांक म्हणजे लॉकिंग किती, आर्ग्युमेंट म्हणजे सापेक्ष फेज.

ट्रॅजेक्टरी: स्टेडी स्टेट सोडा, एमसीसॉल्व्ह (यादृच्छिक जंपनी एकेक ट्रॅजेक्टरी काढणारं क्यूटिपचं फंक्शन) चालवा. एकेका ट्रॅजेक्टरीत फेज डोळ्यांनी दिसतो.

सममिती: व्हॅक्युमपासून (शून्य क्वांटा) सुरू केलंत तर नाही दिसणार. प्रत्येक जंप एकूण क्वांटा ठरावीक संख्येनेच बदलतो, म्हणून ट्रॅजेक्टरीतही ⟨ए१⟩ शून्यच राहतो. हेटेरोडाइन अनरॅव्हलिंग (जंपऐवजी फेज सतत मोजणारी ट्रॅजेक्टरी) लागेल.

फेज_हरवला: गॅमा१ = १, गॅमा२ = ०.१, कप्लिंग व्ही = ०.५, डीट्यूनिंग ०.२, कटऑफ एन = ६. कोरिलेशनही शून्य!! सी-ऑप्समध्ये (भर-गळतीच्या ऑपरेटरांच्या यादीत) √व्ही·ए१ आणि −√व्ही·ए२ दोन्ही टाकलेत.

लिंडब्लाडवाला: सापडलं. ते दोन सुटे लॉस झाले, कप्लिंग नाहीच. √व्ही·(ए१ − ए२) असा एकच ऑपरेटर द्या, क्रॉस टर्म त्यातूनच येतात. ओळखायची खूण: सुट्या लॉसमध्ये मीन-फील्ड (क्वांटम नॉइज सोडून काढलेला) ⟨एन⟩ (१ − ०.५)/०.२ = २.५ वर येतो, खरं लॉकिंग असेल तर ४.८च्या आसपास. आणि एन = ६ म्हणजे पातळ्या ० ते ५. सरासरीच पाचाजवळ असताना वितरणाची अर्धी शेपूट तुम्ही कापताय. २० तरी घ्या.

फेज_हरवला: कोरिलेशन आलं!! पण एन = २० ला रॅम संपते.

लिंडब्लाडवाला: संपणारच, लिउव्हिलियनची (मास्टर समीकरणाच्या मॅट्रिक्सची) बाजू २० चा चौथा घात, १,६०,०००. गॅमा२ = १० करा, एन = ६ पुरेल.

सममिती: तो प्रश्नच बदलणं झालं. स्टेडी स्टेट एकच असल्यामुळे केट आणि ब्रा (घनता मॅट्रिक्सच्या घटकाच्या दोन बाजू) यांचे एकूण क्वांटा सारखे असलेलेच घटक उरतात. तेवढेच ठेवा, एन(२एन² + १)/३ = ५,३४०. साध्या स्पार्स सॉल्व्हरला सहज झेपतं.

स्पिनवाला: एवढी यातायात कशाला? स्पिन-१ घ्या, तीन पातळ्या. रूले आणि ब्रूडर यांनी २०१८ मध्ये तीच सिंक होऊ शकणारी सर्वात लहान प्रणाली ठरवली, क्यूबिटला (दोनच पातळ्या) लिमिट सायकल (स्वतःहून टिकणारं आंदोलन) नाही म्हणून.

ट्रॅजेक्टरी: ते २०२० मध्येच खोडून निघालं, मिश्र अवस्था लिमिट सायकल धरली की क्यूबिटही चालतो. शिवाय गॅमा२ खूप मोठा केला की व्हॅन डर पोलमध्येही ० आणि १ याच पातळ्या भरतात, २/३ आणि १/३.

स्पिनवाला: "खोडून निघालं" जरा जास्तच होतंय. लिमिट सायकलची व्याख्या बदलली, एवढंच.

फेज_हरवला: वाद नंतर घाला. डीट्यूनिंग व्हीच्या वर नेलं तरी कोरिलेशन शून्य होत नाही. कोडमध्ये अजून चूक आहे का?

सममिती: नाही. |डीट्यूनिंग| = व्ही ही मीन-फील्डची कड आहे. क्वांटम नॉइजमुळे ती पुसट होते, आर्नोल्ड टंगची (लॉकिंग होतं त्या पट्ट्याची) धार मिळत नाही. मापांक हळूहळू उतरतो आणि सापेक्ष फेज शून्यापासून सरकत जातो. दोन्ही आलेख एकाखाली एक काढा.