चर्चा: खान्देशातल्या रस्त्यांना 15 इंची रिम बरी की 16?

तापीकाठ
एकाच गाडीच्या वरच्या मॉडेलला 16 इंची मॅगव्हील (हलक्या मिश्रधातूची रिम), खालच्याला 15 इंची लोखंडी रिम. गाडी गावरस्त्यांवर फिरणार असेल तर 15च घ्या. हिशेब बघा. 185/65 आर15 म्हणजे टायरची रुंदी 185 मिमी, साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) तिच्या 65 टक्के, म्हणजे 120 मिमी उंच, आणि रिम 15 इंची. 195/55 आर16 ला साइडवॉल 107 मिमी. बाहेरून दोन्ही चाकं 621 मिमीचीच. म्हणजे रिम वाढली तेवढं रबर आणि हवा घटली. आपल्याकडे खाली काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, डांबराच्या कडा तुटतात. अशा कडेवर चाक आदळलं की साइडवॉल रिमखाली चिमटते, आतले दोरे तुटतात आणि बाजूला फुगा येतो. त्याला पंक्चरवाल्याकडे इलाज नाही, टायर फेकायचाच.

एमएच-18
13 मिमीसाठी एवढा आटापिटा? मुंबई-आग्रा हायवेवर शंभरच्या वेगात लेन बदलताना उंच साइडवॉल लवते, गाडी उशिरा वळते. आणि फुगे येतात ते बहुतेक कमी हवेमुळे. 33 पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) जागी 25 ठेवली तर 15 इंचीही चिमटेल. वर एप्रिल-मेची उष्णता. कमी हवेचा टायर सतत दबत-उलगडत तापतो आणि भुसावळच्या उन्हात तोच फुटतो. रिमला कशाला दोष?

तापीकाठ
हवेचं मान्य. पण खड्डा हवा मोजून येत नाही. लोखंडी रिम वाकली तर ठोकून सरळ होते. मॅगला तडा गेला की वेल्डिंगचा भरवसा नाही.

एमएच-18
वाकलेल्या लोखंडी रिमच्या काठातूनही ट्यूबलेसची हवा हळूहळू जाते आणि मालक महिनाभर पंक्चर शोधत बसतो. ठोकून घेतली तरी बॅलन्सिंग मशीनवर फिरवून बघा. डगमगत असेल तर बदलाच.

केळीपट्टा
एका इंचावरून कुस्ती चालली आहे, मधला रस्ता कोणी बोलेना. रिम 15चीच ठेवून 195/65 टाका. साइडवॉल 127 मिमी, व्यास 634, म्हणजे 2 टक्के जास्त. गाडी साडेसहा मिमी उचलली जाते. मीटर 100 दाखवेल तेव्हा खरा वेग 102. रिम किमान साडेपाच इंच रुंद हवी. बसवल्यावर पाच माणसं बसवा, स्टिअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवा, आत कुठे घासतं का बघा. 205/65 च्या मोहात पडू नका, व्यास 4 टक्क्यांनी वाढतो, पिकअप मरतो. टायरवरचा लोड इंडेक्स (किती वजन पेलतो त्याचा आकडा) मूळपेक्षा खाली नको; 88 म्हणजे एका टायरवर 560 किलो.

एमएच-18
2 टक्क्यांपर्यंत ठीक. पण चारही बदला. पुढे एक माप, मागे दुसरं केलं तर एबीएसला (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) चाकांचे वेग वेगळे दिसतात.

सातपुडा
गाडी काय नवरदेव शे का, 17 इंची 45 प्रोफाइल लावाले? शोभेसाठी तेच लावून तोरणमाळच्या घाटात निघतात! 205 रुंदीचा टायर घेतला तरी साइडवॉल उरते 92 मिमी. बरं, माझा प्रश्न वेगळा: गाडीला आधीच 16 आहे, 15 वर उतरता येतं का?

तापीकाठ
खालच्या मॉडेलला पुढची ब्रेकची डिस्क आणि कॅलिपर (डिस्कला चिमटीत धरणारा भाग) तेच असतील तर येतं, नाहीतर रिम कॅलिपरला घासते. बोल्टचं माप, उदाहरणार्थ 4 बाय 100 (100 मिमीच्या वर्तुळावर 4 बोल्ट), जुळलं म्हणून भागत नाही. ऑफसेट (रिम किती आत-बाहेर बसते ते माप) आणि मधलं भोकही जुळायला हवं. भोक मोठं असेल तर हब रिंग (मधली फट भरणारी कडी) घाला, नाहीतर ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. मॅगचे नट लोखंडी रिमला चालतीलच असं नाही, नटाचं बूड रिमवर नीट बसतं का बघून घ्या. कित्येक 16 इंची गाड्यांची स्टेपनी 15चीच असते. ती काढून पुढच्या चाकाला लावा, दोन मिनिटांत कळेल.

एमएच-18
आणि उतरलात तरी हवा सकाळी, गाडी उभी असताना मोजा. दुपारी धावून आलेल्या टायरमध्ये चार-पाच पीएसआय जास्त दिसतात, ती जास्तीची हवा काढू नका. रात्री गार झाला की तोच टायर कमी हवेवर येतो.