कुमार गटाला मेंटल कोच आणायचा, की आधी आपल्या कोचलाच शिकवायचं?

मंडळाचा खजिनदार
आमचं कबड्डी मंडळ सांगली जिल्ह्यातलं. गावातल्या एका दुकानदाराने यंदा देणगी दिली आहे. अट एकच, गणवेश आणि ट्रॅकसूट सोडून काहीतरी करा. कार्यकारिणीत दोन तट पडलेत. एक म्हणतो, जिल्हा निवड चाचणीआधी पुण्याहून मेंटल ट्रेनर बोलवा, पोरांचं दोन तासांचं सत्र घ्या. दुसरा म्हणतो, तेच पैसे आपल्या दोन कोचना शिकवण्यावर घाला, पावसाळ्यातले रविवार धरून, थोडं थोडं. मी दुसऱ्या तटातला.

कारण मैदानावर दिसतं. दोन गुणांनी मागे, तिसरी म्हणजे गुण आणलाच पाहिजे अशी चढाई, पोरगं मधली रेषा ओलांडतंय आणि बाहेरून आरोळी येते, "आता पकडला गेलास तर बघ!" ते वळून कोचकडे बघतं. कोपऱ्यातल्या गड्याला तेवढं पुरतं, घोटा हातात. या पोराला आदल्या आठवड्यात कुणी पाहुण्याने "स्वतःवर विश्वास ठेव" सांगितलेलं असून काय उपयोग?

अमेरिकेत सिएटलला स्मिथ आणि स्मॉल या मानसशास्त्रज्ञांनी मुलांच्या बेसबॉल कोचना हंगामाआधी शिकवून पाहिलं. चांगला प्रयत्न दिसला की लगेच बोला, चूक झाली की आधी धीर द्या आणि मग दुरुस्ती सांगा, शिक्षा म्हणून ओरडू नका. बस्स, इतकंच. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा कोचकडची ५ टक्के मुलं पुढच्या हंगामाला आली नाहीत. न शिकलेल्या कोचकडची २६ टक्के. तुमचं मत मांडा, रविवारी बैठक आहे.

तालमीतला
खजिनदार, राग मानू नका, पण ही पैसेवाल्यांची थेरं. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं तेव्हा कुठला मेंटल कोच होता? जायला पैसे नव्हते, लोकांनी वर्गणी काढली. मन लाल मातीत तयार होतं. पहाटे जोर मारताना हात थरथरायला लागले की वस्ताद म्हणतात, "अजून पन्नास." तिथंच मन घडतं. देणगी आली असेल तर पोरांना दूध, बदाम, अंडी द्या. रिकाम्या पोटी मन खंबीर करायला निघालेत.

नेमबाजाची आई
तालमीतले दादा, शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. राधानगरीकडच्या कांबळवाडीचा रायफल नेमबाज स्वप्नील कुसाळे. २०२४ ला पॅरिसच्या अंतिम फेरीत गुडघ्यावर आणि झोपून मारायचे टप्पे संपले तेव्हा तो पहिल्या तिघांत नव्हता. उभ्याने मारताना वर सरकला आणि ब्राँझ घेतलं. उभ्याची पोझिशन सगळ्यात डळमळीत. तिथे हृदयाचा ठोकासुद्धा नळीपर्यंत पोचतो. म्हणून तर ठोके संथ करणाऱ्या बीटा-ब्लॉकर गोळ्यांना नेमबाजीत बंदी आहे. २००८ ला बीजिंगमध्ये उत्तर कोरियाच्या नेमबाजाची दोन पदकं याच गोळीपायी गेली. जे गोळीने करायला बंदी आहे, ते श्वासाने आणि ठरलेल्या क्रमाने करायला शिकवतात. माझी मुलगी रायफल खांद्याला लावायच्या आधी रोज त्याच क्रमाने तेच करते: पाय, श्वास, गाल, मग डोळा. यात थेरं कसली?

आणि अंजली भागवत यांच्यासोबत काम केलेले भीष्मराज बाम आपल्या नाशिकचेच. पोलीस खात्यातले अधिकारी, योगाच्या आधाराने खेळाडूंचं मन तयार करायचे. राहुल द्रविडही त्यांच्याकडे गेला होता. म्हणजे हे परदेशातून आलेलं फॅड आहे असंही नाही.

आकडेवाला
खजिनदारांच्या सिएटलबद्दल. तो १९९२ चा अभ्यास मलाही आवडतो, पण त्यात शिकलेले कोच किती होते ठाऊक आहे? आठ. न शिकलेले दहा. शिवाय याच मंडळींच्या १९७९ च्या अभ्यासात शिकलेल्या कोचचे संघ जास्त सामने जिंकले असं दिसलं नाही. मुलांना कोच आवडला, खेळ आवडला, सामन्यांचा हिशोब तोच राहिला. देणगीदाराला "कोचना शिकवलं की ढाल येते" असं सांगून बसू नका, पुढच्या वर्षी तोंड लपवावं लागेल.

बाहेरचा माणूस बिनकामाचा हेही पटत नाही. मेंटल कोच पॅडी अप्टन २०११ च्या विश्वचषकाला भारतीय क्रिकेट संघाबरोबर होता, पॅरिसच्या ब्राँझवेळी हॉकी संघाबरोबर होता, आणि गुकेश २०२४ ला सिंगापूरमध्ये बुद्धिबळाचा जगज्जेता झाला तेव्हाही त्याच्याबरोबर काम करत होता.

मंडळाचा खजिनदार
अप्टन क्रिकेट संघाबरोबर २००८ पासून होता, दोन तास नव्हे. माझं भांडण तेच आहे. आणि जिंकण्याचं म्हणाल तर आकडेवाल्यांचं मान्य. मला ढाल नको असं नाही, पण आमचं खरं दुखणं वेगळं. दहावी झाली की पोरं गळतात. क्रीडागुण मिळाले, भरतीत खेळाडूंचा कोटा मिळेल का ते बघितलं, आणि मैदान सुटलं. मला ती २६ आणि ५ ची गोष्ट त्यासाठी महत्त्वाची वाटते.

समुपदेशक
मी खेळाडूंबरोबरच काम करते, त्यामुळे माझ्या पोटावर पाय येतोय असं समजा हवं तर. खजिनदारांचा अर्धा मुद्दा बरोबर आहे. श्वास, चढाईआधीचा ठरलेला क्रम, चुकीनंतर स्वतःशी काय बोलायचं, हे कोचने रोजच्या सरावातच घ्यायला हवं. एका दुपारी ते येत नाही.

पण एक अडचण तुम्ही कुणीच मांडली नाही. कोचच संघ निवडतो. "सर, मला रात्रभर झोप नाही, छातीत धडधडतं" हे पोरगं त्यांना सांगेल? सांगितलं तर सात जणांतून नाव जाईल ही भीती आहे. क्रिकेटपटू जेमिमा रॉड्रिग्जने २०२५ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ काढल्यावर उघड सांगितलं की स्पर्धेच्या सुरुवातीला तिला खूप अस्वस्थता होती, रडू यायचं. त्याच स्पर्धेत तिला एका सामन्यातून वगळलंही होतं. एवढं यश हाती आल्यावर बोलता येतं. तुमच्या सोळा वर्षांच्या राखीव खेळाडूला नाही येणार. त्याच्यासाठी निवडीशी संबंध नसलेला कुणीतरी लागतो, आणि कोचला एवढं तरी कळावं लागतं की कुठे थांबायचं आणि कुणाकडे पाठवायचं.

तालमीतला
ताईंचं हे पटलं. वस्तादांना कोण सांगतंय झोप येत नाही म्हणून, काठीच बसायची. पण खजिनदार, रविवारी कोचना शिकवणार काय नक्की? "सकारात्मक राहा" वगैरे असेल तर माझा बदामाचा ठराव मांडा.

मंडळाचा खजिनदार
बोर्डावर लिहायचं काही नाही. सराव सामना २८-३० वरून सुरू करायचा, शेवटची दोन मिनिटं शिल्लक. कनिष्ठ संघाने भोवती बसून शिट्ट्या मारायच्या, ढोल आणायचा. कोचने त्या दोन मिनिटांत बाहेरून एकच शब्द बोलायचा, पोराने स्वतः निवडलेला. "पाय" म्हणा, "खोल" म्हणा. दडपणाखाली माणूस पाठ झालेली हालचाल मुद्दाम तपासायला लागतो आणि तिथंच अडखळतो, म्हणून दहा सूचना नकोत. टाइम-आउटच्या ३० सेकंदांतले पहिले दहा कुणी बोलायचं नाही, नुसता श्वास, सोडताना लांब. आणि दोन्ही कोचचा फोनवर व्हिडिओ काढायचा, पोरांचा नाही. आपण सामन्यात काय काय बोलतो ते त्यांनी ऐकायचं.

तालमीतला
ढोलाचं चांगलंय. वस्ताद आम्हाला जत्रेच्या आधी मुद्दाम जड गड्यावर सोडायचे, ते हेच की. पण व्हिडिओला तुमचे थोरले कोच तयार होतील?

मंडळाचा खजिनदार
धाकटे तयार आहेत. थोरले म्हणतात, "चाळीस वर्षं ओरडतोय, तेव्हा कुणी रेकॉर्ड केलं नाही."

आकडेवाला
मग त्यांच्यापासूनच सुरुवात करा. आणि या हंगामात कितीजण आले, पुढच्या जूनला कितीजण परतले, हे वहीत आजच लिहून ठेवा.

समुपदेशक
देणगीतून महिन्यातून एक दुपार बाहेरच्या समुपदेशकाची धरा. पोरांनी यायचं की नाही ते पोरांवर. कोण आलं याची यादी कोचना द्यायची नाही, हे बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घ्या. तोंडी राहिलं तर पहिल्याच निवडीला यादी मागतील.

तालमीतला
आणि अंडी?

मंडळाचा खजिनदार
उरलेल्यात अंडी. ठराव तुम्हीच मांडायला या.