मदत हवी आहे : मिनिमलिस्ट वाद्यवृंद खेड्यात कसा ऐकावा?

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात शेती करतो. मला समकालीन मिनिमलिस्ट, म्हणजे मोजक्याच सुरावटींच्या पुनरावृत्तीवर उभ्या असलेल्या, पाश्चात्त्य वाद्यवृंद-संगीताची गोडी लागली आहे, परंतु त्याविषयी विचारावे असे येथे कोणी नाही.

मुख्य अडचण पोलिश संगीतकार हेन्रिक गोरेत्स्की यांच्या तिसऱ्या सिम्फनीची (वाद्यवृंदासाठीची दीर्घ रचना, १९७६) आहे. डेव्हिड झिनमन यांनी संचालित केलेले, १९९२ साली प्रसिद्ध झालेले लंडन सिन्फोनिएटा या वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण मी ऐकतो. त्याचा आरंभ डबल बास या खर्जाच्या मोठ्या तंतुवाद्याच्या अतिशय मंद, खर्जातील सुरांनी होतो. या वाद्याची सर्वांत खालची तार साधारण ४१ हर्ट्झची असल्यामुळे मोबाइलच्या स्पीकरवर काहीच उमटत नाही. आवाज वाढवावा, तर तंतुवाद्यांचे एकेक थर चढत गेल्यावर तोच आवाज असह्य होतो. थ्री फेज वीज रात्री मिळत असल्याने मी ओलिताच्या वेळी साध्या इअरफोनवर ऐकतो, आणि मोटारपंपाची घरघर नेमकी खर्जच गिळून टाकते. पुनरावृत्तीचा मात्र कंटाळा येत नाही. रात्र-रात्र खंजिरी भजने ऐकलेल्या माणसाला तो यावा तरी कसा?

खर्ज नीट ऐकू येण्यासाठी कानात घट्ट बसणारे इअरफोन पुरेसे आहेत की कान पूर्ण झाकणारे हेडफोन घ्यावेत? नेटवर्क क्षीण असल्याने रचना उतरवून ठेवाव्या लागतात. त्या कोणत्या दर्जाच्या असाव्यात? तसेच अमेरिकन संगीतकार जॉन ॲडम्स यांच्या ‘हार्मोनीलेरे’ या वाद्यवृंद-रचनेसाठी एडो डी वार्ट आणि मायकेल टिल्सन थॉमस या दोन संचालकांपैकी कोणाचे ध्वनिमुद्रण आधी ऐकावे, हेही जाणकारांनी कृपया कारणासह सांगावे.