ऑर्व्हिएतो: आईला घेऊन जायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरमध्ये आईला घेऊन रोमला जातोय. तिथून रेल्वेने ऑर्व्हिएतो या कड्यावर वसलेल्या जुन्या गावाला जायचा विचार पक्का आहे. स्टेशनवरून फ्युनिक्युलरने (दोराने चढावर ओढल्या जाणाऱ्या रेल्वेडब्याने) वर जाता येतं, तेवढं कळलंय. पुढचं सांगा.

आई इतिहासाची शिक्षिका होती, पण आता गुडघे साथ देत नाहीत. १५२७ मध्ये रोमची लूट झाल्यावर पोप सातवे क्लेमेंट इथे आश्रयाला आले आणि वेढ्यात पाणी तुटू नये म्हणून त्यांनी खोदायला घेतलेली ती ५३ मीटर खोल विहीर तिला बघायचीच आहे. उतरायला एक गोल जिना, चढायला दुसरा, म्हणजे पाणी आणणारी खेचरं समोरासमोर येऊच नयेत! पण पायऱ्या २४८. मध्ये टेकायला जागा आहे का? वरून डोकावून समाधान होईल का?

कड्याच्या पायथ्याची एट्रुस्कन लोकांची (रोमनांच्या आधी इथे राहणाऱ्यांची) थडगीही बघायची आहेत, दारांवर कुळांची नावं कोरलेली. तिथे टॅक्सी मिळते का? कॅथेड्रलमधली चित्रकार सिन्योरेल्लीची भित्तिचित्रं मला निवांत बघायची आहेत. मग एक मुक्काम करावा की संध्याकाळी परतावं? ज्येष्ठांना घेऊन गेलेल्यांनी जरूर लिहा.