माळ्यावरची सॅक, रॉकेलचा वास आणि चार दिवसांची चाल : तुमची तयारी काय होती?

पिंपळपान :

दिवाळीची साफसफाई चालू आहे. काल माळ्यावरून जुनी सॅक काढली, चेन उघडली आणि भस्सकन रॉकेलचा वास. सॅक त्यानंतर दोनदा सर्फमध्ये भिजवलेली, हे आधीच सांगून ठेवते. खाली शिडी धरून उभी असलेली लेक म्हणाली, "आई, काय मेलंय आत?"

मेलं काही नव्हतं. १९९४ चा डिसेंबर, राजगड-तोरणा-रायगड, आम्ही सात जण, चार मुलगे तीन मुली. घरी सांगताना सात मुली. शिध्याचं खातं माझ्याकडे. फुलस्केपवर यादी केली होती, ४१ वस्तू, प्रत्येकीपुढे टिकमार्क. त्यात "स्टोव्ह", "रॉकेल २ लि.", "पिन" असं ओळीने लिहिलेलं. मार्गासनीला एसटीतून उतरून गुंजवण्यापर्यंत चालत गेलो तोवर कॅनच्या झाकणाखालची पिशवी फाटली होती. पोह्यांच्या पिशवीने सांडलेलं सगळं रॉकेल अगदी प्रेमाने शोषून घेतलं.

संध्याकाळी पद्मावती माचीवर स्टोव्ह मांडला. पंप मारला, काकडा पेटवला, ज्योत पिवळी आणि भकभक काजळी. निपलमध्ये कचरा. पिन आण म्हणाले. पिन पुण्यात, आमच्या ओट्यावर, जिथे मी टिकमार्क करताना ठेवली होती तिथेच. सेफ्टी पिन जाड पडली. एकाने मिशीचा केस सुचवला. शेवटी तीन दगड मांडले आणि तो दीड किलोचा पितळी स्टोव्ह रायगडापर्यंत पाहुण्यासारखा आळीपाळीने वाहिला.

आता लेक त्याच वाटेवर निघाली आहे, डिसेंबरात, चौघीजणी, तंबू घेऊन. म्हणाली तुझी यादी दे. मी म्हटलं माझी यादी सोडून कुणाचीही घे. तर सांगा मंडळी, काय नेलंत, काय उगाच नेलंत, काय विसरलात.

घसारा :

पिन!!! आमच्यात ती कायम टोपीला टोचलेली असायची. कारण आधी एकदा आमचीही ओट्यावर राहिली होती.

बोरीबंदर :

रतनगड ते हरिश्चंद्रगड, माझी पहिली मोठी चाल. सॅक १९ किलो. मी ५८ किलो. त्यात कांदे ३ किलो, लोखंडी तवा, आणि एक नारळ. आईने दिलेला, हरिश्चंद्रेश्वराला वाहायला. कात्राबाईच्या चढात अर्ध्यावर बसकण मारली आणि सगळ्यांनी ठरवलं की देव सगळीकडे असतो. नारळ तिथेच फोडला. कांदे कुमशेतला एका मावशींना दिले, त्यांनी बदल्यात भाकऱ्या दिल्या. म्हणजे फायदाच झाला. तवा मात्र कुणी घेईना.

तेव्हापासून एक सवय. परत आलो की सॅक पलंगावर उलटी करायची आणि जे वापरलंच नाही त्याचा वेगळा ढीग लावायचा. प्रथमोपचार आणि रेनकोट या ढिगातून माफ. बाकीचं पुढच्या वेळी घरी. तीन-चार ट्रेकांत १९ चे ११ झाले. आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त घ्यायचं नाही हे धरून चाला. आणि पाण्याचं वजन यादीत कुणी लिहीत नाही. ४ लिटर म्हणजे ४ किलो, आणि राजगड-तोरण्याच्या धारेवर तेवढं लागतंच.

नुसतीच_वाचते :

"देव सगळीकडे असतो" हाहाहा. आईला कधी सांगितलंत?

बोरीबंदर :

नाही अजून. ती इथे वाचत नाही एवढंच.

अप्पा_डोंबिवली :

सराव कुणीच बोलत नाहीये. आम्ही सखल प्रदेशातले लोक, इथे चढ म्हणजे रेल्वेचा पूल. मी दीड महिना आधीपासून सोसायटीचे सात मजले चढउतार करायचो, पाठीवर सॅक, आत कोलम तांदळाची १० किलोची पिशवी. रात्री साडेनऊनंतर, म्हणजे कुणी बघू नये. चौथ्या दिवशी चौथ्या मजल्यावरचे काका दार उघडून हळूच म्हणाले, "काय झालंय का घरात? आत या, चहा घ्या." त्यांना वाटलं बायकोने सामानासकट बाहेर काढलंय.

उतरण्याचा सराव जास्त करा. चढताना दम लागतो, तो भरून निघतो. गुडघा उतरताना जातो.

घसारा :

अप्पा +१. बोराट्याची नाळ, म्हणजे रायगडाकडे उतरणारी घळ, उतरताना कळतं ते. मोहरी गाव सोडलं की लिंगाण्याचा सुळका समोर आणि पायाखाली सुटे धोंडे. त्यात मी आदल्या दिवशी घेतलेले नवे कोरे बूट घातलेले. आणि नखं वाढलेली. प्रत्येक पावलाला अंगठा पुढे जाऊन आपटायचा. दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी.

तीन आठवड्यांनी माझं लग्न होतं. सासऱ्यांनी ताम्हनात पाय धुवायला घेतले, आणि उजवं नख त्यांच्या हातात आलं. सनई चालू. ते काही बोलले नाहीत. नख बाजूला ठेवलं आणि डावा पाय घेतला.

तर लेकीला सांगा, निघायच्या तीन-चार दिवस आधी नखं कापायची, आदल्या रात्री नाही, नाहीतर कोपरे दुखतात. बूट निदान शंभर किलोमीटर चाललेले हवेत. उतारावर नाड्या घोट्यापाशी आवळून बांधायच्या म्हणजे पाय पुढे सरकत नाही.

पिंपळपान :

घसारा, मी ओट्याला धरून हसतेय, कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या कळलं नाही.

मेतकूटभात :

वरण लगदा झालं असेल तर तिखटमीठ घालून तसंच वाढा, कुणाला कळत नाही.

खाण्याचं माझ्याकडून : मॅगी हा आळस आहे, दोन तासांत परत भूक लागते. मी घरून तांदूळ आणि मुगाची डाळ भाजून, हळद-मीठ-जिरं-हिंग-लाल तिखट घालून एका वेळेच्या पिशव्या बांधून नेते. माणशी सव्वाशे ग्रॅम कोरडं. तूप छोट्या बाटलीत. थंडीत ते गोठतं, सांडायची भीती नाही. दशम्या पहिल्या दोन दिवसांना, त्या दुधात भिजवलेल्या असल्या की मऊ राहतात. शेंगदाण्याची चटणी, गूळ. चालताना राजगिऱ्याची वडी आणि खारे दाणे, नुसतं गोड गोड खाल्लं की दुपारनंतर जीव नको म्हणतो. इलेक्ट्रालची पुडी रोज एक, तहान लागो न लागो.

कांदालसूण मसाला मात्र मी ३ किलो असला तरी नेईन.

झिपरी :

दशम्यांची कृती टाका ना. माझ्या कडक होतात.

मेतकूटभात :

पीठ दुधातच मळायचं, पाण्याचा थेंब नाही. गूळ दुधात विरघळवून गाळून. कोमट असू दे, उकळू नको, गुळाने दूध फाटतं. बाकी उद्या लिहिते, पाहुणे आलेत.

रुक्मिणीची_नात :

जरा अवांतर. आमची आजी १७ वाऱ्या चालली, आळंदी ते पंढरपूर. तंबू दिंडीच्या ट्रकमधून पुढे जायचे हे खरं, पण चालायची तीच. तिची तयारी म्हणजे महिनाभर आधीपासून रोज रात्री टाचांना कोकमतेल, आणि पडशीत एक जास्तीचं लुगडं. बूट नाहीत, मोजे नाहीत. मला पहिल्या ट्रेकला जाताना विचारलं, "एवढं ओझं? परत येणार आहेस ना गं?"

भिरंड :

कोकमतेल!! आमच्या गोव्यात भिरंडेल. वडी असते, पातळ करून लावायची. माझ्या सॅकमध्ये अजून असते. टाचा, ओठ, काखा, मांड्या काचल्या तर तिथेही. एकच वडी, सगळ्या रोगांवर.

झिपरी :

कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते. चौघीजणी जातायत ना? एक छोटं खुरपं न्या. रोपांचं असतं ते, ८० रुपयांत मिळतं. सकाळी जाताना पाण्यापासून निदान ६० मीटर लांब, वीतभर खड्डा करायचा आणि नंतर बुजवायचा. टाक्याच्या वरच्या अंगाला तर मुळीच बसू नका, खाली कुणीतरी तेच पाणी भरत असतं. टिश्यू आणि पॅड पुरायचे नाहीत, जनावरं उकरतात. कागदात गुंडाळून डबल झिपवाल्या पिशवीत परत घरी. वास येऊ नये म्हणून मी त्यात वापरलेली चहापूड टाकते, कोरडी करून.

आणि पाळीची तारीख बघून ट्रेक ठरवला तरी सामान न्याच. चढ, दगदग, थंडी, माझी दर वेळी चार दिवस आधी येते. पहिल्यांदा हे तोरण्यावर मेंगाईच्या देवळात मुक्काम असताना झालं. मी बाहेर झोपते म्हटलं तर ग्रुपमधला एक जण म्हणाला, "देवीला माहीत नसेल का?" आणि कूस बदलून घोरायला लागला. इतका शहाणा माणूस मी नंतर फार पाहिला नाही.

नुसतीच_वाचते :

झिपरी, खूप थँक्यू. कॉपी करून ठेवलं.

काकडीवाला :

तंबू कशाला हवाय मोहरीत? ओसरीवर झोपा कुणाच्याही. आम्ही २००१ मध्ये गेलो तेव्हा हारपूडला एका मामांनी स्वतः गोठ्यात झोपून आम्हाला घरात जागा दिली होती. रात्री नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं. पैसे घेईनात. शेवटी पोरांना वह्या घ्या म्हणून दिले.

खवचट_खार :

काका, आणि पिसवा? त्याचं पण लिहा की.

काकडीवाला :

हो, त्या होत्या. आठवडाभर खाजवत होतो. पण पिठलं!

खवचट_खार :

बरं, आता थोडं कामाचं. लेकीला सांगा की १९९४ सारखं कुठेही चूल मांडून चालत नाही. राजगड, रायगड संरक्षित आहेत, गेल्या वर्षी जुलैत, म्हणजे २०२५ ला, जागतिक वारसा यादीतही आले. गडावर मुक्कामाचे नियम बदलत असतात, निघायच्या आठवड्यात ताजं विचारून घ्या. जुन्या बांधकामात तंबूच्या खुंट्या ठोकायच्या नाहीत. डिसेंबरात गवत वाळलेलं असतं, एक ठिणगी आणि डोंगर पेटला. गॅसचा छोटा बर्नर न्या, तोही आडोशाला सपाट दगडावर.

आणि धूर केला की आग्या मोहोळ उठतं. कड्याखाली, दरवाज्याच्या कमानीखाली मान वर करून बघा आधी. अत्तर, डिओ काही नको.

घसारा :

तोरणा त्या यादीत नाही हे मला अजून पचलेलं नाही. बारा किल्ल्यांत एक जिंजी तमिळनाडूतली, बाकी अकरा आपले, आणि त्यात तोरणा नाही.

खवचट_खार :

त्यावर वेगळा धागा काढा, इथे भांडू नका. (मीही येतो भांडायला.)

ग्लासगोकर :

उशिरा आलो, इकडे आता दुपार. गेल्या जूनमध्ये मी आणि बायको वेस्ट हायलँड वे ही पायवाट चाललो, ९६ मैल, म्हणजे १५४ किलोमीटर. सुरुवात ज्या गावातून होते त्याचा उच्चार मिल्गाय, आणि स्पेलिंग असं की आम्ही दोघं स्टेशनावर पाटीखाली उभे राहून गाव शोधत होतो.

इथे स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने मोकळ्या रानात तंबू टाकायला परवानगी आहे, कुणाच्या घराजवळ नाही, घाण करायची नाही, एका जागी फार मुक्काम नाही. फक्त लॉक लोमंड तळ्याच्या काठी मार्च ते सप्टेंबर परमिट लागतं, ते आम्ही ऑनलाइन काढलं होतं. तयारी जय्यत. तंबू, मॅट, मेतकूट, भाजणी. फक्त मिज नावाचा प्राणी मनावर घेतला नव्हता. चिलटाहून बारीक, वारा पडला की ढगासारखे येतात आणि चावतात. पहिल्या संध्याकाळी बायको थालीपीठ लावत होती, दोन मिनिटांत तोंड, मान, पापण्या सगळीकडे. तिने गॅस बंद केला, तंबूत शिरली आणि चेन लावली. मी बाहेरच होतो.

डोक्यावरून घ्यायची जाळी दोन पौंडांची. ती आमच्या यादीत होती, "बघू" अशा रकान्यात. लेकीला सांगा यादीत "बघू" रकाना ठेवायचा नाही.

बोरीबंदर :

चेन उघडली का शेवटी?

ग्लासगोकर :

वारा सुटल्यावर. अकरा वाजता. तोवर थालीपीठ मी कच्चं खाल्लं.

अप्पा_डोंबिवली :

पिंपळपान ताई, पॉवर बँक, हेडटॉर्चचे जास्तीचे सेल हे सांगायची गरज नाही, पोरी ते घेतातच. पण मोबाइलच्या नकाशावर विसंबू नका म्हणावं. हारपूडच्या पुढे ढोरवाटा इतक्या आहेत की प्रत्येक वाट मळलेलीच दिसते. गावातून वाटाड्या घ्या, त्याला नीट पैसे द्या. आणि घरी रोजच्या मुक्कामाचं गाव कागदावर लिहून ठेवा.

पिंपळपान :

मंडळी, सगळं वाचून दाखवलं तिला. खुरपं आणि खिचडीच्या पुड्या लगेच मान्य. नखांची गोष्ट ऐकून होणारे जावई गप्पच झालेत. अप्पांचा तांदूळ उद्यापासून, आम्हाला पाचच मजले आहेत. पहिले दोन दिवस मीही चढणार आहे तिच्याबरोबर. "तू पण चल ना" म्हणत होती. गुडघ्यांना विचारून सांगते म्हटलंय.

आणि हो, सॅकच्या आतल्या कप्प्यात काय सापडलं असेल? स्टोव्हची पिन! तीन पिना, पुडीत, नव्या कोऱ्या. म्हणजे परतल्यावर रागारागाने घेऊन ठेवल्या असणार. स्टोव्ह २००३ ला भंगारात गेला.

नुसतीच_वाचते :

ताई, ते रॉकेलचे पोहे फेकलेत ना पण?

पिंपळपान :

फेकून खाणार काय, सात जणांना नाश्ता तेवढाच होता. कांदा, मिरची, चार लिंबं पिळून दडपे केले आणि तीन दिवस खाल्ले. फक्त खाऊन झाल्यावर तासभर कुणी बिडी पेटवायची नाही असं ठरलं होतं.